मागची कोरी पानं

९ नोव्हेंबर, सकाळ
...तर त्या सकाळी मी शेगडीतली राख काढली, वेलदोड्याच्या पावाचं पीठ तिंबून ठेवलं, दारातला बर्फ खोऱ्याने बाजूला केला आणि आत आले. माझा नवरा तौनो आमच्या गाथेचा आठवा खंड पोटावर पालथा ठेवून बसला होता. म्हणाला, हेल्मी, माझे शब्द लक्षात ठेव, नावाडी परत येणार. मी म्हटलं, आधी ते ओले मोजे काढ. एवढंच बोलणं झालं. मागच्या वर्षीची गोष्ट. या फेब्रुवारीत तौनो गेला. नववा आणि शेवटचा खंड ऑक्टोबरात आला.

आज लिहायला बसले ते रडायला नाही. 'आठ नद्यांची गाथा' या मालिकेचा शेवट चुकला आहे आणि तो बदलून घ्यायचा आहे. कामाला लागायचं, तर नोंद हवी.

चूक अशी: नावाडी ऑर्बन पुरात बुडतो. त्याची बायको इल्वा, जी नऊ खंड घाटावर रोज दिवा लावते, ती दिवा विझवते आणि डोंगरापलीकडे राहायला जाते. सगळीकडचे वाचक चिडलेत. आमच्या वाचक मंडळातल्या डोरीनने तर पुस्तक गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे टाकलंय.

मी शेवट वाचलाय का? वाचलाय. म्हणजे डोरीनने फोनवर इतका सविस्तर सांगितला की वेगळा वाचायची गरज उरली नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत शब्दन् शब्द वाचलंय. तिथे नावाडी अंगणात बसून वल्हं दुरुस्त करतोय. तब्येत चांगली आहे.

११ नोव्हेंबर
निश्चय: आजच प्रकाशकांना निवेदन लिहायचं.
लायब्ररीत गेले. बंद. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची सुट्टी. कोटाला त्याच दिवसाचं लाल पॉपीचं फूल लावून गेले होते, तरी लक्षात आलं नाही.

१४ नोव्हेंबर
मंडळाची बैठक. मी निवेदन वाचून दाखवलं. शाळा चौथीत सुटली, बाकीचं वाचन लाकूडतोड्यांच्या भटारखान्यात डब्यांवरची लेबलं वाचून शिकले, पण निवेदन झकास झालंय. 'शेवटचं प्रकरण मागे घ्यावं व योग्य प्रकरण छापावं.'

गॉर्डला पटलं नाही. तो निवृत्त मास्तर, त्याला दुःखी शेवट आवडतात. म्हणाला, बाई, नदी आहे, माणूस बुडतो. मी म्हटलं, मास्तर, तुमचा घटस्फोट झाला म्हणून सगळ्यांचेच संसार मोडायला हवेत का? डोरीनच्या नाकातून कॉफी आली. गॉर्ड म्हणाला, माझ्या बायकोने निदान दिवा विझवून वीजबिल तरी वाचवलं.
सह्या मिळाल्या. त्यातली एक माझ्या दातांच्या डॉक्टरची. त्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण माझं तोंड बंद करायचा दुसरा उपाय त्याच्याकडे नव्हता.

१७ नोव्हेंबर, दुपार
मोठा शोध लागला. पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं आहेत. एक-दोन नाही, चांगली सात. फुकट कागद कोण देतं? ही जागा ठेवलेली आहे. खरं प्रकरण नंतर येणार आणि इथे बसणार. लेखिका बाईंनी मुद्दाम खोटा शेवट आधी दिलाय, कोण खरा वाचक आहे ते पाहायला.
वाचकांच्या वेबसाइटवर लिहिलं. तिथल्या पोरांनी उचलूनच धरलं. एकाने लिहिलं, काकू, तुम्ही ग्रेट आहात. तरुणांना समज असते.

१८ नोव्हेंबर
कॅल्गरीहून क्रिस्तीचा फोन. आई, जेवलीस का. जेवले. काय जेवलीस. मी कोऱ्या पानांचं सांगितलं. ती म्हणाली, अगं, माझ्या स्वयंपाकाच्या पुस्तकातही मागे कोरी पानं आहेत. मी माझं काढून पाहिलं. चार आहेत. त्यातही काही पदार्थ राहून गेले असतील.
मग तिने विचारलं, आई, तू शेवट स्वतः वाचलास का? फोनवर आवाज नीट येईना. म्हणजे मला येत होता, तिला माझा येत नसावा. ठेवला.

२४ नोव्हेंबर
बैठक. न लिहिलेलं बरं, पण लिहिते.
निवेदन पाठवायच्या आधी गॉर्ड म्हणाला, बाई, दिवा विझवताना इल्वा जे बोलते, त्याबद्दल यात एक ओळ हवी. मी म्हटलं, अगदी हवी, फारच निष्ठुर बोलते ती. मग डोरीन हळूच म्हणाली, हेल्मी, ती एक शब्दही बोलत नाही गं.
गॉर्ड हसला असता तर बरं झालं असतं. त्याने उठून माझा कोट आणून दिला.
डोरीनने गाडीतून घरी सोडलं. दारात म्हणाली, निवेदन राहू दे का आता? मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय, काही पानं निसटली असतील. ती म्हणाली, बरं.

२५ नोव्हेंबर
निश्चय: आज शेवटचं प्रकरण. नाश्त्यानंतर.
नाश्त्यानंतर ओव्हन घासला. मग जेवणानंतर ठरवलं. जेवणानंतर पडदे काढून धुतले. नोव्हेंबरात पडदे वाळत नाहीत.
शेवटी वल्ह्याचं प्रकरणच पुन्हा वाचलं, मोठ्याने. आमची तीच रीत होती, नाश्ता झाला की एक प्रकरण. नावाड्याचं बोलणं तौनो म्हणायचा, बाकी सगळं मी. आज नावाड्याची वाक्यं त्याच्या आवाजात म्हणायला गेले. जमेना. तो कसा म्हणायचा ते आठवेना. सप्टेंबरपर्यंत ऐकू यायचं. तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा माझाच आवाज.
सर्दी झाली असावी.
पण एक पक्कं. वल्हं अजून अर्धंच झालंय. पान उलटलं नाही, तर तो बाहेर पडतच नाही.

२८ नोव्हेंबर
लायब्ररीच्या मोठ्या पडद्यावर लेखिकेचा कार्यक्रम. वाचकांचे प्रश्न घेत होत्या. आमच्या थंडर बे गावच्या एका वाचक बाईंचा प्रश्न म्हणून माझाच घेतला, कोऱ्या पानांचा. खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताठ बसले.
त्या हसल्या, पण वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, छापखान्यात मोठ्या कागदांच्या घड्या घालून पुस्तक बांधतात, मजकूर संपला की उरलेली पानं तशीच राहतात. दुसरं प्रकरण नाही. गोष्ट संपली आहे. मग पुढचा प्रश्न घेतला.

घरी आले तर वेबसाइटवर पोरांनी लिहिलेलं: त्या असंच म्हणणार, काकू, धीर सोडू नका, आता कव्हरवरचा पक्षी नीट बघा, त्यात खूण आहे. मी बघितला. भिंगाने बघितला. पक्षी आहे. त्यांना 'सापडली खूण' असं लिहायला बसले, मग पुसून टाकलं.

३० नोव्हेंबर
कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, मी खिडकीशी बसून शेवटचं प्रकरण वाचलं. सगळे सांगत होते तेच त्यात आहे. अर्धा तास लागला. मग भूक लागली म्हणून बटाटे उकडले, एकटीपुरते.