तारखेची एकच फाइल

१८ जून, संध्याकाळ

धाड गावची एक मुलगी आज कॉलेजात प्रवेशाला आली. मुदत काल संपल्याचं ऐकून मान हलवून परत गेली. मुदत अलीकडे आणली तेव्हा वेबसाइटच्या पहिल्या पानावरच मी तारीख बदलली होती. बाकीच्या तीस पानांवर जुनी, नंतरचीच. तिने त्यातलंच एक पाहिलं असणार. चूक माझीच, दुसऱ्या कोणाची?

दुपारी तारखेची एकच फाइल केली. प्रत्येक पानात ती फाइल मागवणारी एक ओळ. पान उघडलं की सर्व्हर ती फाइल तिथे आणून बसवतो.

"मॅडम, येवढी खटपट काऊन? मी तीसही पानं बदलून देतो ना," कारकून गवईभाऊ म्हणाले.

"गेल्या वेळी मीही हेच म्हणाले होते."

मग पहिला बदल केला: मुदत शुक्रवारपर्यंत. सगळी पानं एकदम बदलली. धाडला तिच्या घरी फोन करून 'उद्या या' सांगितलं. मुदतवाढीवर प्राचार्यांची सही सकाळी घेईन. नाही कसे म्हणतात, बघते.