चिमूटभर यीस्ट

३ फेब्रुवारी, सकाळ
नाही, मी रिकामा बसलेलो नाही. बेकरी विकली म्हणून माणूस संपत नाही. मुलीच्या घरी खुर्ची उबवतोय असं कुणी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. मला कामं आहेत. दुपारी ब्रेड लावणार आहे.

मुलगी युनिव्हर्सिटीत शिकवते. सिंथेटिक बायॉलॉजी. एवढं तोंड वेंगाडायची गरज नाही, साध्या भाषेत यीस्ट पाळते. झाडाची जनुकं यीस्टमध्ये बसवायची, मग ते साखर खातं आणि पिवळं औषध बनवतं. आधी हेच औषध झाडाच्या सालीतून काढायचे. झालं. एवढ्यासाठी पीएचडी, त्यावर आणखी शिक्षण, आणि नोकरी अजून कच्चीच. वीस तारखेला कमिटी येणार, टाकीत औषध बनताना डोळ्यांनी बघणार. बनलं तर नोकरी कायम. नाही तर घरी.

४ फेब्रुवारी
डबा द्यायला तिच्या लॅबमध्ये गेलो. दारातच कोट घाला, टोपी घाला, बुटांवर पिशव्या चढवा. एवढं सोवळं! आणि डबा बाहेरच ठेवायचा म्हणे, आत खाणं चालत नाही. साखर खाणारं यीस्ट चालतं.

तिने ते यीस्ट दाखवलं. काचेच्या चंबूत, पाणचट, मेंगळट. ना फेस, ना बुडबुडा. मी म्हटलं, मेलंय. म्हणाली, बाबा, जिवंत आहे हो, पण औषधाचं जादा काम त्याच्यावर टाकलंय, म्हणून सावकाश वाढतं. मी म्हटलं, जादा काम करणाऱ्याला घाम तरी येतो. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

असलं यीस्ट मी सप्लायरच्या तोंडावर मारलं असतं.

ठरलं. तिच्या कामात नाक खुपसायचं नाही.

४ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर
जेवताना थोडंसंच सांगितलं. पाणी कोमट हवं, साखर आधी विरघळवायची, यीस्टचे लाड करायचे नाहीत. बायको म्हणाली, अहो, तिला घास तर गिळू द्या. या घरात अनुभवाला किंमत नाही. उद्यापासून तोंडाला कुलूप.

९ फेब्रुवारी
मुलीचा विभागप्रमुख चहाला आला. मान इतकी ताठ की मी मनात त्याचं नाव गळपट्टी ठेवलं. माझ्या घरात बसून, म्हणजे तिच्या घरात बसून, माझ्याच मुलीला सुनावतो! म्हणे, मॅडम, तुमची वाढ फार मंद आहे, कमिटी असलं ऐकून घेणार नाही, वेग दाखवा. आणि ही खाली मान घालून हो सर, हो सर. लहानपणी मला उलट बोलायची तेव्हा काय जोर होता!

त्याला दुसरा कप विचारला नाही. बायकोने विचारला. कुणाच्या बाजूची आहे कळत नाही.

कुलूप काढतो. असं गप्प बसून पोरीचं वाटोळं होऊ द्यायचं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
काम फत्ते. कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

डबा घेऊन गेलो. सुट्टी, लॅबमध्ये ती एकटीच. उद्या मोठ्या टाकीत ओतायचं विरजण चंबूत लावलं होतं. तसंच मेंगळट. माझ्या खिशात माझ्या यीस्टची पुडी होती, जिवंत यीस्ट कसं असतं ते तिला दाखवायला नेली होती. तेवढ्यात गळपट्टीचा फोन आला. ती बोलत बोलत बाहेर गेली.

बूच काढलं. चिमूटभर टाकलं. हलवलं. बूच लावलं. हात आधी धुतले होते, म्हणजे नियमही पाळला. एवढ्याशा कामाला हे लोक ग्रँट मागतात!

१७ फेब्रुवारी
टाकी फसफसली! फेस पार वरच्या नळीत चढला. मुलगी म्हणाली, इतकी वाढ आजवर कधी झाली नाही. गळपट्टीने म्हणे पाठ थोपटली.

पण ताटावर बसून नुसतं चिवडत होती. म्हणते, वाढ आहे, पण पिवळा रंगच येत नाही. मी म्हटलं, आधी अंग तर धरू दे त्याला. सुखातही खडे शोधायची सवय. आईवर गेली.

कायम झाली की सांगेन कोणी केलं ते. आत्ता नको. मला मोठेपणा नको असतो.

२० फेब्रुवारी
कमिटी आली आणि गेली. टाकी पांढरीफटक. नोकरी कायम नाही. जूनपर्यंत राहा, मग दुसरीकडे बघा.

डोळे फुटलेत का त्यांचे? एवढा फेस दिसला नाही? रंग रंग काय घेऊन बसलेत, भिंत रंगवायची आहे का? तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहून तिला हेच सगळं सांगितलं.

सोमवारी जातो आणि गळपट्टीला धरतो.

२३ फेब्रुवारी, दुपार
वॉचमनने अडवलं. म्हणे नवीन नियम, नातेवाइकांना लॅब बंद. कुणाचा नियम? म्हणाला, तुमच्याच मॅडमचा, काका.

गळपट्टी जिन्यात सापडला. चांगला झाडला. म्हटलं, पोरीने जीव काढला आणि तुम्ही तिला हाकलता? तो शांतच. तेच जास्त चिडवतं. म्हणाला, काका, टाकीत बेकरीचं यीस्ट शिरलं. त्याला औषध बनवता येत नाही, नुसतं भराभर खातं आणि आमच्या यीस्टला उपाशी ठेवतं. मूळ यीस्ट फ्रीझरमध्ये आहे, पुन्हा लावता येईल, पण कमिटी पुन्हा येत नाही. कुठून शिरलं विचारलं, तर तिनेच सांगितलं. म्हणाली, घरी मी ब्रेड करते, माझ्याच हाताला लागून आलं असणार, चूक माझी.

ती ब्रेड करत नाही. जन्मात पीठ मळलं नाही तिने. बेकरीत पाऊल टाकलं तरी मी ओरडायचो, अभ्यास कर म्हणून.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
विचारलं तिला, खोटं का बोललीस. म्हणाली, बाबा, टाकीतल्या नमुन्याची बाटली उघडली आणि तुमच्या शर्टाचा वास आला. लहानपणी रोज यायचा तोच.

मग मला ताट वाढलं. पोळी गरम आहे म्हणाली.

बायको विचारत होती, सकाळी लावलेलं ब्रेडचं पीठ पातेल्याबाहेर आलंय, त्याचं काय करायचं.

मला काही विचारू नका. मी यावर काही बोलणार नाही. लिहिणारही नाही.