टिकल्या चावला

मंगळवार, ९ सप्टेंबर

चावला! मलाच चावला! ज्याच्या घरात राहतो, ज्याचं खातो, त्यालाच. पट्टा घालायला मान धरली तर गुरकावला आणि अंगठ्यात दात रुतवले. रक्त आलं. मृणालिनी धावत आली — आणि आधी कोणाकडे पाहिलं? कुत्र्याकडे! "अहो, घाबरलाय तो." मी मेलो तरी ही बाई आधी टिकल्याला बिस्कीट देईल.

वर्तमानपत्राची सुरळी करून तोंडावर दोन ठेवून दिल्या. किंचाळला. नाटकी जात.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आठ वर्षं गोगलगाय होता. आता माजलाय, दुसरं काही नाही. निम्मं खाणं ताटलीबाहेर सांडतो. चघळायच्या हाडकाला तोंड लावत नाही. गालिच्यावर गाल घासत बसतो. मृणालिनी म्हणते, "एकाच बाजूने चावतोय हो. व्हेटला दाखवू या."

आली निदान करणारी! हाडांचा सर्जन म्हणून इथे न्यू जर्सीत उभा जन्म काढला मी. दुखणं कुठलं आणि ढोंग कुठलं, मला कळतं. ज्याला दुखतं तो खात नाही. हा खातो. विषय संपला.

रविवार, १४ सप्टेंबर

मुसकं आणलं. आवळून बांधलं. फक्त जेवायला आणि पाणी प्यायला सोडायचं, रात्री बेसमेंटमध्ये. लागेल शिस्त. मृणालिनी जिन्यावर बसून राहिली, बेसमेंटच्या दाराला कान लावून. म्हटलं, तुझंही अंथरूण खालीच घालू का? हिचं नेहमीचंच — बोलायचं नाही, तोंड पाडून हिंडायचं.

सोमवार, १५ सप्टेंबर

दिवसभर शांतता. मुसकं हा फार उत्तम शोध आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

टिकल्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज. गांधीलमाशी चावली असणार. बर्फ लावायला गेलो तर पुन्हा अंगावर आला. मुसकं होतं म्हणून वाचलो. कोणाचं भलं करायला जाऊ नये!

मृणालिनीचं पुन्हा तेच — व्हेट, व्हेट. शेवटी म्हटलं, सोमवारी शेल्टरला फोन करतो. माणसाला चावणारं कुत्रं ते ठेवत नाहीत, सुई देऊन मोकळे होतात. पांढरीफटक पडली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

रविवार, २१ सप्टेंबर

रुचा आली! मॉरिसव्हिलहून, आठ तास ड्राइव्ह करून. आईनेच फोन केला असणार, माझ्या पाठीमागे. लेक वडिलांना भेटायला कधी अशी धावत आली नाही. दारातूनच सुरुवात — "बाबा, हे काय बांधलंयस त्याला? व्हॉट इज राँग विथ यू?"

मुसकं काढलं तर सूज फुटलेली. डोळ्याखालून पू वाहत होता. वास खोलीभर. टिकल्याने रुचाला काही केलं नाही, नुसता थरथरत उभा राहिला.

दोघी त्याला टॉवेलात गुंडाळून इमर्जन्सीत घेऊन गेल्या. मला चल म्हणाल्या नाहीत. मीही उठलो नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

वरची मोठी दाढ उभी चिरली होती. मुळाशी गळू. आज काढली. रुचाने एक्स-रे फोनवर पाठवला — मला वाचता येतो म्हणून मुद्दाम! जबड्याचं हाड कुरतडल्यासारखं झालंय. काही आठवड्यांचं काम नाही हे, महिन्यांचं आहे.

व्हेट म्हणाली म्हणे, कुत्री दुखणं लपवतात. एक बाजू ठणकत असली तरी भुकेपोटी दुसऱ्या बाजूने खात राहतात. गरीब कुत्रं एकाएकी चावायला लागलं की आधी त्याचं कुठे दुखतंय ते शोधायचं, मारायचं नाही. मग तिने विचारलं, याला तोंडावर कोणी मारतं का?

"मी सांगितलं, हो. माझे वडील," रुचा म्हणाली.

परक्या बाईसमोर! मी म्हटलं, मी माणसांचा डॉक्टर होतो, कुत्र्यांचा नाही.

"दॅट्स इव्हन वर्स, बाबा."

बुधवार, २४ सप्टेंबर

रुचा टिकल्याला मॉरिसव्हिलला घेऊन गेली. मृणालिनीही गेली. जखम भरेपर्यंत, दोन आठवडे, म्हणाली. मागच्या सीटवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मला हात केला नाही. न का करेना. घर स्वच्छ राहील.

गुरुवार, २ ऑक्टोबर

वरण करपलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

दोन आठवडे उलटून गेले. रुचाने व्हिडिओ पाठवला. टिकल्या पिल्लासारखा चेंडूमागे पळतोय. मग मृणालिनीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाल चोळले, अगदी त्याच डाव्या बाजूला. चावला नाही. डोळे मिटून उभा राहिला. ती हसली — मोठ्याने, अगदी खळखळून. कोण हसतंय, हे मला पटकन कळलं नाही. परत लावून पाहिलं.

फोन केला. म्हटलं, झालं ना कुत्र्याचं कौतुक? कधी येतेस?

"बघते," म्हणाली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

मृणालिनीचा फोन. "अहो, मी इथे अपार्टमेंट घेतलंय. तळमजल्यावर. कुत्रा चालतो त्यांना."

"आणि मी?"

"टेबलावरच्या गोळ्या संपत आल्या असतील तुमच्या. पुढच्या महिन्यांच्या स्वयंपाकघरात आहेत, उजवीकडच्या खणात."

खण उघडला. गोळ्यांच्या डब्या, वारांप्रमाणे लावलेल्या, वर तिच्या अक्षरात तारखा. थेट मार्चपर्यंतच्या.