आरोग्याकडून मासेमारीकडे

मंगळवार, संध्याकाळ

पॅसिफिकमधल्या त्या बेटावर मंत्रिमंडळात फेरबदल झाला. ज्यांच्याशी आमचं ठरलं होतं, त्या तिथल्या आरोग्यमंत्र्यांकडे आता मासेमारी! तिथल्या नर्सेस इथे नोव्हेना भागातल्या आमच्या हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगला यायच्या होत्या. मंत्र्यांनी शब्द दिला होता. नुसता शब्दच. नवे मंत्री फोन उचलत नाहीत, आणि तिथली मेट्रन विचारतेय, मुलींनी बॅगा भरल्यात, तिकिटं कधी?

घरात शिरताच नवऱ्याला म्हटलं, "अरे, त्यांचं खातं बदललं!"

हा बँकवाला. लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "मग काय झालं? जुन्या खात्यातली शिल्लक नव्यात वळती होते."

चिडले, मग हसू आलं. पण तेव्हापासून डोक्यात तेच. खातं बदललं. शिल्लक होते वळती, मान्य. आणि दिलेला शब्द? मेट्रनला काय कळवू, बॅगा उपसा म्हणून?