डाव्या डोळ्याचं भिंग

४ सप्टेंबर

खोका उघडला. तुकडे सगळे आहेत, एक चाक सोडून. ते खोक्याच्या घडीत अडकलेलं सापडलं, पण तोवर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा झालो होतो.

दोन पंख्यांचं विमान. आमच्याच वर्कशॉपात येतं ते, हुबेहूब, फक्त हातभर लांब. खरं विमान पुढच्या वर्षी मोडीत निघणार. साहेबांनी बोलावून सांगितलं, "दारातल्या काचेच्या कपाटात ठेवायला एक प्रतिकृती तुम्हीच करा. तुमच्यासारखी नजर कोणाची आहे?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. स्तुती कोणाला नको असते!

ही म्हणाली, "आणखी एक? घरात माणसांपेक्षा विमानं जास्त झाली." घरात माणसं दोनच. तेव्हा तिचं म्हणणं खरं असलं तरी मनावर घेण्यासारखं नाही.

भिंग लावून पंख पाहिले. पत्र्यांच्या जोडाच्या बारीक रेघा प्लॅस्टिकवर कोरलेल्या असतात. त्या डुगडुगतात. साचा झिजलाय कंपनीचा. पूर्वी असं नव्हतं.

७ सप्टेंबर

नाकात शिशाचे छर्रे भरले. नाकाखाली चाक असलेलं विमान – पुढे वजन नसलं तर शेपटीवर बसतं. आयुष्यात एकदाच विसरलो. मेहुणा अजून विचारतो, "भावजी, तुमचं ते आरामखुर्चीतलं विमान कसं आहे?"

१० सप्टेंबर

आज टेबलावर चाकांचे पाय आले. खऱ्या विमानाचे – मॉडेलचे नव्हेत. उतरताना सगळा भार त्या पायांवर येतो. तुकडा धुवायचा, लाल रंग चढवायचा, पुसून टाकायचा, वर पांढरी पूड मारायची आणि थांबायचं. भेग असली तर पुडीतून लाल रेघ वर येते, केसासारखी. नसली तर पांढरं ते पांढरंच. मी भिंग डाव्या डोळ्याला लावतो, घड्याळजी लावतो तसं, आणि उजवा मिटतो. पहिल्या दिवसापासून तसंच. मग शिक्का. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, पुढे कोणी विचारत नाही.

निदान कोणी विचारू नये! हात धुऊन परत आलो तर शेजारच्या टेबलावरची गोगलगाय माझ्या पास केलेल्या मालाच्या मांडणीपाशी उभी. हे नाव मीच पाडलं त्याचं. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, डबा खाणं तर विचारूच नका.

"काय पाहिजे?"

"काही नाही दादा. धूळ पुसत होतो."

धूळ! माझ्या मांडणीवर! माझी दोन वर्षं राहिलीत. त्यानंतर मुख्य तपासनीसाची खुर्ची रिकामी. गोगलगाय नि पोटात पाय – म्हणतात ते उगीच नाही.

१४ सप्टेंबर

पांढरा रंग फवारला. छान बसला. अंगठ्याचा ठसा उठला नाही, केस चिकटला नाही.

मग अंगावरचा निळा पट्टा. नाकापासून शेपटीपर्यंत एकच सरळ रेघ, खिडक्यांच्या खालून. इथेच भल्याभल्यांची फजिती होते. टेप लावली, भिंगातून पाहिली, कुठे वर कुठे खाली वाटली. चिमट्याने ढकलत ढकलत सरळ केली. मान आखडली. पण अशी सरळ की बस! उद्या सकाळी टेप काढायची.

१५ सप्टेंबर

ही चहा घेऊन आली. विमानाकडे पाहिलं. म्हणाली, "पट्टा असा नागमोडी मुद्दाम काढलाय का?"

मी म्हटलं, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

"वाढला असेल. पण हे विमान प्यायलेलं दिसतंय."

चहा तसाच ठेवून उठलो.

१७ सप्टेंबर

पट्टा घासून काढला. पुन्हा टेप, पुन्हा फवारणी. दिवा बदलला – जुन्या दिव्याची सावली पडत असावी.

हिने पाहिलं आणि काही बोलली नाही. हिचं न बोलणं मला परवडत नाही.

२० सप्टेंबर

आज कमाल झाली! माझ्या मांडणीतला एक पाय गायब. शोधतो तर तो बाद मालाच्या पेटीत, लाल चिठ्ठी बांधलेला, खाली गोगलगायीची सही. विचारलं, हे काय?

"माझ्या हातून पडला दादा. उचलून ठेवत होतो."

आमच्याकडे नियम आहे – हातातून पडलेला तुकडा बाद. तपासणी नाही, चर्चा नाही, थेट पेटीत. चांगला धडधाकट पाय, माझ्या शिक्क्याचा, ह्या गृहस्थाच्या धांदरटपणापायी भंगारात! आणि मुळात हा माझा माल उचलतोच कशाला?

सगळ्यांसमोर झाडला. साहेबांकडे तक्रारही केली. त्याला मेमो मिळाला. खाली मान घालून घेतला. क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

२५ सप्टेंबर

पंख घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, हा काय माल झाला? रेघा बघा.

दुकानदार शांत माणूस. त्याने पंख उजेडात धरला, फिरवला. "काका, मला तर सरळ दिसतात."

"भिंग लावा की! उघड्या डोळ्यांनी काय दिसणार?"

त्याने भिंग लावलं. तरी सरळच. मग खणातून स्टीलची पट्टी काढली, रेघेला लावून ठेवली. "आता तुम्हीच बघा. कुठे फट दिसते का?"

मी वाकलो. भिंग डाव्या डोळ्याला. रेघ डुगडुगत होती. पट्टीही.

स्टीलची पट्टी. मधेच वाकलेली, आणि जिथे वाकली तिथे एक धुरकट डाग, पाण्याचा थेंब पडल्यासारखा. पट्टी पुसली. डाग गेला नाही. भिंग पुसलं. मग भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

सरळ. पंख सरळ, रेघ सरळ, पट्टीवरचे आकडेसुद्धा रांगेत उभे.

दुकानदार म्हणाला, "हवं तर बदलून देतो काका."

मी म्हटलं, नको. माल चांगला आहे.

घरी आल्यावर उजवा डोळा झाकून खिडकीचे गज पाहिले. दाराची चौकट पाहिली. हिचा चेहरा पाहायला नको होता, पण पाहिला. नाक नव्हतं.

२६ सप्टेंबर

सुटी. उजवा डोळा ठणठणीत आहे. भिंग उजव्याला लावायची सवय करायची, बस्स. कोणाला कळणार? दोन वर्षं तर राहिली.

आणि आजवर पास केलेलं?

२७ सप्टेंबर

भिंग उजव्याला लावून बसलो. हाताला सवय नाही, मान उलटी वळते. एक तुकडा पाहिला, पांढरा ते पांढराच. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला. शिक्का हातात, शाईत बुडवलेला, आणि हात खाली जाईना.

खिडकीतून मैदान दिसतं. आमचं विमान उभं होतं, माणसं चढत होती. एकाच्या हातात केकचा खोका. वाकडा होऊ नये म्हणून दोन्ही हातांवर आडवा धरून शिडी चढत होता, पायरी पायाने चाचपत. वर पोचल्यावर हसला. विमानाच्या पायांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील? ते माझं काम.

मला भीती वाटली. इतकी वर्षं ह्या खुर्चीत बसलो, भीती कधी वाटली नव्हती.

साहेबांकडे गेलो. शिक्का टेबलावर ठेवला. म्हटलं, डावा डोळा गेलाय. कधीपासून, ते माहीत नाही.

साहेब उठून दार लावून आले. "दोन वर्षांचा तर प्रश्न होता. बोलला नसतात तर..."

"म्हणूनच बोललो."

विमान परत आल्यावर पुढच्या फेरीआधी थांबवलं. या वर्षातला माझ्या शिक्क्याचा सगळा माल, विमानाला लावलेलासुद्धा, पुन्हा तपासायचा असं ठरलं. कोण तपासणार? गोगलगाय. मिळाली एकदाची खुर्ची! एवढं होऊनही हे मनात आलंच. स्वभावाला औषध नाही.

२९ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. पोरसवदा, पण बोलणं रोखठोक. चौकटी छापलेला कागद समोर धरला, मधे ठिपका. "डाव्या डोळ्याने ठिपका दिसतो का?" कुठला ठिपका?

म्हणाल्या, पडद्याच्या मधोमध सूज आहे. इंजेक्शनं घेऊ. आहे ते टिकेल, गेलं ते बहुतेक परत येणार नाही. सहा-आठ महिने तरी झाले असावेत. "एवढे दिवस लक्षात कसं आलं नाही?"

उजव्यावर भागत होतं, म्हटलं. डावा फक्त कामाला.

येताना ही रिक्षात म्हणाली, "मला शंका होती. चहा कपाबाहेर ओतत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले ना पट्ट्याचं! चहा टाकून उठून गेलात."

तिने माझा हात धरला होता. पोचेपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

३ ऑक्टोबर

तपासणी चालू आहे. मला भांडारात बसवलंय, सुटे भाग मोजायला. इथे भिंग लागत नाही. जेवण जात नाही. फोन वाजला की मोजणी चुकते. एक जरी रेघ निघाली तर? त्या केकवाल्याचं तोंड सारखं समोर येतं.

५ ऑक्टोबर

साहेबांचा फोन. सगळा माल तपासून झाला. एकही भेग नाही. एकही नाही!

खुर्चीत बसलो आणि रडलो. भांडारातला पोरगा पाणी घेऊन आला. त्याला वाटलं घरी कोणी गेलं.

मग उठलो. डोळा अर्धा गेला तरी हाडात मुरलेली तपासणी जात नाही म्हणायची! भेग असती तर मला कळलीच असती, दिसो न दिसो. संध्याकाळी येताना पेढीवरच्या सावकाराच्या ऐटीत चालत आलो. हिला सांगितलं. ही म्हणाली, "देवाने सांभाळलं." मी म्हटलं, देवाने कशाला, मी सांभाळलं.

पट्टा तिसऱ्यांदा काढला. या वेळी टेप हिने लावली, मी फक्त फवारलं. सरळ आला. पट्टी लावून पाहिलं, उजव्या डोळ्याने. हिच्या तोंडावर जे काही होतं त्याला गर्व म्हणतात.

८ ऑक्टोबर

विमान झालं. कपाटात ठेवायला घेऊन गेलो. किल्ली आता गोगलगायीकडे, म्हणून तो आला. सावकाश कुलूप उघडलं, सावकाश विमान घेतलं, खालून तळहातावर. तीन पायांवर नीट उभं राहिलं.

मी खुशीत होतो. म्हटलं, बघ, माझा सगळा माल पास झाला. तुझ्याच हाताने! फक्त तू आपटलास तोच एक बिचारा राहिला तपासायचा.

तो हसला नाही. विमानाचा पाय बोटाने पुसत राहिला.

"दादा, होळीच्या सुमारास तुमचा शिक्का वाकडा पडायला लागला," तो म्हणाला. "ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून तुमचा प्रत्येक तुकडा मी पुन्हा बघत होतो. बाकी सगळे चांगले निघाले."

"आणि तो?"

"तो पडला नव्हता."

अंगठा आणि बोट यांत अंतर धरून त्याने लाल रेघ केवढी होती ते दाखवलं. उजव्या डोळ्याने नीट पाहिलं. बोटाचं एक पेर.