मुळीचं नाव कचेरीत

गुडीहत्नूर, ७ नोव्हेंबर १९५६, बुध.
राज्य बदलून आठवडा झाला नाही, अन् सरकारी दवाखान्याचा नवा डॉ. दारात. वैद्यकी करायची तर नवी दरखास्त द्या, म्हणे. आबांची निजामाच्या वेळची सनद काढली. उर्दू. त्याला वाचता येईना! मीच वाचून दाखवली, जरा मोठ्यानं. ओट्यावर काविळीचे रोगी होते, त्यांनीही ऐकली.

९ नोव्हें.
डॉ. फारम घेऊन आला. सगळे रकाने भरले, एक उरला. काविळीच्या औषधात काय घालता?
आबांनी जाताना लेकाच्या, माझ्या कानात सांगितलेलं नाव. नाव फुटलं की गुण जातो, हा घरचा नेम. हिलाही माहीत नाही. मुळी वाटून ताकात देतो, बस.
डॉ. म्हणे, "नाम लिखो, नहीं तो बंद करो."
म्हटलं, आधी एक कावीळ उतरवून दाखवा.
"वो तो अक्सर अपने आप उतरती है, वैद्यजी."
"मग तुमी दवाखाना काऊन उघडला?"
हसला. माणूस वाईट नाही.

११, रवि.
औषधाचे वार दोन, रवि. अन् बुध. आज गर्दी. ही म्हणते, "नाव देऊ नका. ओटा गेला तर जाऊ द्या, घरची जवारी हाय." पार इचोड्याहून लोक येऊन राह्यले, त्यांना काय सांगू? अन् खरं तर, कोणी वैद्यबुवा म्हटलं नाही तर मला घास उतरणार नाही.
डॉ. जाताना म्हणाला होता, दवा सच्ची असेल तर लिहिल्यानं मरणार नाही. बरोबर बोलला लेकाचा. त्याचाच राग येतो.

१३ नोव्हें.
मुळीचं नाव लिहिलं, फारम कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं नाव खणखणीत वाचलं अन् शेजारच्याला म्हणे, "अरे, हे तर आमच्या कुंपणाला हाय!" त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

१४, बुध.
नाव फुटल्यावरचं पहिलं औषध. रोगी कोण? आमची लेक सुमन, उटनूरहून सासऱ्यांनी आणून सोडली. डोळे हळदीसारखे. हिनं माझ्याकडं पाहिलं.
तीच मुळी, तेच ताक. चुकलो नाही मी. आबा, रागावले असाल तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको.
डॉ.लाही बोलावणं धाडलं. येऊन तपासू दे.

१८, रवि.
कचेरीचं उत्तर नाही. दुसरं औषध दिलं. सुमननं भाकर मागितली, अर्धी खाल्ली. डॉ.नं तिला उजेडात बसवलं. एक डोळा त्यानं पाहिला, एक मी.
"पीलापन कम है क्या?" त्यानं विचारलं.
मी त्याला तेच विचारणार होतो.