कशाला किती गुण, हे आधीच ठरलंय

आदरणीय तातेराव मामांना भाचीचा, रागात असले तरी, सविनय जय भीम. गुडघा कसाय? गिरिजामामी गोळ्या वेळेवर घेतात ना? इकडं जालन्यात सगळे बरे आहेत, मी सोडून.

तुमचा निरोप पोचला. सुमितचा (तुमचा मुलगा, आणि माझ्या नशिबानं माझ्याच कॉलेजातला प्राध्यापक) संशोधनाचा प्रस्ताव सहावा आला, तर ‘अनुभवाचे गुण दहाचे चाळीस कर’ म्हणता. न्हाई करणार! बिलकुल न्हाई! निधी एकाच प्रस्तावाला मिळायचाय, म्हणून कशाला किती गुण हे पाकिटं फोडायच्या आधीच ठरवलं. संस्थेचे संचालक म्हणून त्या कागदावर सही कुणी ठोकली? तुम्ही! आता निकाल पाहून मापं बदलायची व्हय? गुण बाहेरच्या तीन परीक्षकांनी दिलेत, मी फक्त बेरीज करणारी बाई.

माझी चूक झालीच न्हाई, असं म्हणत न्हाई. वशिला नको म्हणून आधी नावं झाकली. मंग लक्षात आलं, आपल्याकडं नुसतं गाव वाचलं की माणूस, त्याचं आडनाव आन्‌ पाव्हणेरावळे सगळे कळतात. म्हणून मार्कर घेऊन गावंही काळी केली. मंग तालुके, नद्या आणि (उत्साहात) जिल्हासुद्धा. रामकिसन सर म्हणजे सगळ्यात कडक परीक्षक. त्यांनी ‘अभ्यास कुठं करणार’ या मुद्द्याला सगळ्यांना बराबर शून्य दिलं! आमच्याकडं नवीनच लागलेल्या मोनालीच्या प्रस्तावात कपाशी आणि अळी तेवढी दिसून राह्यली होती. प्राचार्य पोट धरून हसले. हसू द्या! गावं उघडी ठेवून नव्या प्रती वाटल्या, परत तपासून घेतल्या. तरी मोनालीच पहिली. ना तिचा मामा संचालक, ना कुणाशी ओळख. लई आनंद झाला, मामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कागद वाचून नंबर लागला.

तुम्ही रुसलात तरी चालेल.

तुमची भाची,
भावना

ता. क. : तुमच्या म्हणण्याप्रमाणं अनुभवाला चाळीस धरून बेरीज करून पाह्यली. (नुसती पाह्यली.) सुमित सहाव्याचा पाचवा होतो. पहिली मी येते. माझाही प्रस्ताव होता, दुसरा आल्ता, हे वर लिहायचं राह्यलं.

ता. क. २ : नऊ वर्षांपासून तो प्रस्ताव पाठवून राह्यले, मामा. सोमवारच्या बैठकीत प्राचार्य गुण बदलायचा ठराव मांडणार आहेत, हात वर करून मतं घेतील. तुम्ही नक्की या. माझ्या बाजूच्याच खुर्चीवर बसा, आणि माझा हात वर जायला लागला तर जल्दी खाली ओढा.